ओकारीचें औषध : किती आणि किती दिवस?

आपल्या एकत्र कुटुंबांत आजारी माणसाची शुश्रूषा हें कोणा एकाचें काम नसतें. पथ्याचें कोणी करावें, औषधाची वेळ कोणी सांभाळावी, रात्रीं उशाशीं कोणी बसावें, हें न बोलतां ठरतें. परंतु हात अनेक असले म्हणजे मतेंही अनेक असतात. आणि कॅन्सरसारख्या दुखण्यांत, ज्याचें नांवही घरांत कालपर्यंत दबक्या आवाजांत घेतलें जाई, तीं मतें बहुधा ज्ञानापेक्षां भीतीच्याच पोटीं जन्मास येतात. गेल्या वर्षीं असें एक मत आम्हीं वडीलकीच्या अधिकारानें दिलें. तें मानलें गेलें, आणि त्याचें प्रायश्चित्त आम्हांस नव्हे, आमच्या वहिनींस भोगावें लागलें. ती हकीकत व तीपासून आम्ही जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही जालना जिल्ह्यांतील वाटूरचे. वडील बंधु व आम्ही अद्याप एकत्र राहतों. वहिनींचें वय सहासष्ट, आणि मधुमेह पंधरा वर्षांचा. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनीं केमोथेरपी सांगितली. दर एकविसाव्या दिवशीं पहाटे वाटूर फाट्यावरून निघून जालन्यामार्गें छत्रपति संभाजीनगरास जावयाचें, तेथें शिरेंतून औषध चढवून घ्यावयाचें व रात्रीं परतावयाचें, असा क्रम ठरला. पहिल्या चार खेपांस दोन औषधें होतीं. एक डॉक्सोरुबिसिन, जें कुंकवाच्या पाण्यासारखें तांबडें दिसतें, दुसरें सायक्लोफॉस्फामाइड. ही जोडी ओकारी आणण्यांत फार प्रबळ समजली जाते. यास्तव ओकारी होऊं नये म्हणून त्या दिवशीं इंजेक्शनें दिलीं, आणि पुढील तीन दिवसांसाठीं गोळ्यांची एक पुडी हातीं दिली.

पहिल्या खेपेस ओकारी जवळजवळ झालीच नाहीं. आम्हां सर्वांस हायसें वाटलें. परंतु दुसऱ्या रात्रीं दोन वाजतां स्वयंपाकघरांत दिवा दिसला म्हणून पाहिलें, तों वहिनी तांदूळ निवडीत बसलेल्या! झोप येत नाहीं, म्हणाल्या. एरवीं मितभाषी असलेली ही बाई त्या तीन दिवसांत सारखी बोलत होती आणि लहानशा गोष्टीवरून सुनेवर चिडत होती. तिसऱ्या दिवशीं घरच्या ग्लुकोमीटरवर साखर ३७० निघाली. पांचव्या दिवशीं मात्र सगळा ताण एकदम उतरला. त्या अंथरुणास खिळल्या, आणि विनाकारण त्यांचे डोळे भरून येऊं लागले. ‘हें केमोचें’ असें म्हणून आम्हीं स्वतःचें समाधान करून घेतलें. सूनबाई मात्र वहींत तारीख, गोळी, साखर व झोप असे चार रकाने आंखून रोज टिपीत होत्या. हा त्रास कोणत्या दिवशीं सुरू होतो व कोणत्या दिवशीं संपतो हें त्यांनींच आम्हांस दाखविलें. तो गोळ्यांच्या पुडीबरोबर सुरू होई व तिच्याबरोबरच संपे.

पुडींतील एका गोळीचें नांव डेक्सामेथासोन. पुतण्यानें तें पाहतांच सांगितलें कीं, हें स्टेरॉइड होय. तो शब्द ऐकतांच आमच्या बंधूंचा चेहरा उतरला. २०२१ सालच्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रांत काळ्या बुरशीनें, म्हणजे म्युकरमायकोसिसनें, किती लोकांचे डोळे व जबडे गेले हें कोण विसरेल? वाढलेली साखर आणि भरमसाट स्टेरॉइड हीं त्याचीं दोन मोठीं कारणें डॉक्टरांनींच तेव्हां सांगितलीं होतीं. पुडींत दुसरी एक गोळी होती, ओलॅन्झापिन. तिचा कागद आम्हीं चष्मा लावून वाचला, तर ती मनोविकारावरील निघाली. मग आम्हीं निवाडा दिला : एक गोळी साखर वाढविते, दुसरी वेड्यांची आहे; दोन्ही बंद. वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, एकदां डॉक्टरांना फोन करून विचारा ना.’’ आम्हीं म्हटलें, ‘‘वहिनी, एवढ्यातेवढ्यासाठीं त्यांना काय त्रास द्यावयाचा?’’

दुसऱ्या खेपेनंतर दुसऱ्या दिवसाच्या दुपारपासून ओकारी सुरू झाली ती चौथ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत थांबली नाहीं. पाण्याचा घोटही ठरेना. शेवटीं जालन्यास नेऊन सलाईन लावावें लागलें. त्या रात्रीं रुग्णालयाच्या बांकावर बसून जें मनांत आलें तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास स्वतःची चूक फार मोठ्या अक्षरांत दिसते, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

नंतर केमो देणाऱ्या डॉक्टरांपुढें आम्हीं सगळें कबूल केलें. ते रागावले नाहींत. सूनबाईंची वही त्यांनीं बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, ‘‘तुमची शंका बरोबर होती, कृति चूक होती. स्टेरॉइड कमी करतां येण्यासारखें आहे. पण तें कमी करतां येतें तें त्या दुसऱ्या गोळीच्याच आधारावर. तुम्हीं दोन्ही काढलींत.’’ या वाक्याचा अर्थ नीट समजावा म्हणून पुढें आम्हीं पुष्कळ वाचलें व विचारलें. तें थोडक्यांत असें.

औषध शिरेंतून दिलेलें असतां पोट कां ढवळावें? तर या औषधांचा मारा आंतड्यांच्या आंतील अस्तरावर होतो, आणि तेथील कांहीं पेशींतून सेरोटोनिन नांवाचें द्रव्य सुटतें. तें पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला चेतवितें, आणि मेंदूच्या तळाशीं असलेलें वांतीचें केंद्र जागें होतें. ही पहिल्या चोवीस तासांतील ओकारी. दुसऱ्या दिवसापासून पांचव्या दिवसापर्यंत जी येते तिच्यांत ‘सब्स्टन्स पी’ या दुसऱ्या द्रव्याचा हात अधिक असतो. म्हणजे पहिल्या दिवसाचा शत्रु वेगळा, पुढील दिवसांचा वेगळा. म्हणून एका औषधानें भागत नाहीं. तिसराही एक प्रकार आहे. ज्याला एकदां फार ओकाऱ्या झाल्या, त्याला पुढच्या खेपेस रुग्णालयाचा वास येतांच उमाळे येऊं लागतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत छर्दीवर स्वतंत्र अध्याय आहे. तींत तीन दोषांच्या तीन, सन्निपाताची चौथी आणि मनाला किळस आणणाऱ्या पदार्थांच्या संयोगानें होणारी पांचवी, असे पांच प्रकार सांगितले आहेत. त्या पांचव्या प्रकाराची आठवण आम्हांस येथें झाली. पहिल्याच खेपेपासून ओकारी होऊं न देणें कां अगत्याचें, हेंही त्यावरून ध्यानांत येईल.

आतां स्टेरॉइड यांत कोठून आलें तें पाहूं. सिस्प्लॅटिन या औषधास अमेरिकेंत १९७८ सालीं मान्यता मिळाली. तें गुणकारी खरें, पण त्यानें होणारी ओकारी इतकी भयंकर कीं, कित्येक रोगी उपचार अर्धवट सोडीत. १९८१ सालीं डेक्सामेथासोन त्या ओकारीवर चालतें असें प्रसिद्ध झालें. तें स्वस्त, सर्वत्र मिळणारें आणि परिणामकारक. शिवाय इतर औषधांच्या जोडीस दिलें असतां त्यांचाही गुण वाढविणारें. तें ओकारी नेमकी कशी थांबवितें याचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाहीं. पण तें थांबवितें यांत वाद नाहीं. त्या काळीं दुसरें प्रभावी शस्त्र हातीं फारसें नव्हतें, तेव्हां तेंच चार चार दिवस चालविण्याची वहिवाट पडली.

पुढें शस्त्रें वाढलीं. १९९१ सालीं सेरोटोनिनचा मार्ग अडविणारें ओंडान्सेट्रॉन अमेरिकेंत मान्य झालें. २००३ सालीं त्याच जातीचें परंतु अधिक काळ टिकणारें पॅलोनोसेट्रॉन आलें. त्याच वर्षीं सब्स्टन्स पीला रोखणारें ॲप्रेपिटंटही आलें. २०१६ सालीं रुडॉल्फ नवारी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३८० रोग्यांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, मनोविकारावरील जुनें ओलॅन्झापिन इतर औषधांच्या जोडीस दिलें तर ओकारीच नव्हे, तर मळमळही पुष्कळ कमी होते. आणि मळमळ ही ओकारीपेक्षांही आवरावयास कठीण. औषधाचा मूळ धंदा एक आणि उपयोग दुसरा, यांत नवल नाहीं. आपण हळद भाजींतही घालतों आणि जखमेवरही लावतों. ‘वेड्यांची गोळी’ म्हणून आम्हीं जिला नाकारिलें ती ही!

याप्रमाणें घरांत चार नवे कर्ते माणूस आले, तरी जुन्या एकट्या कर्त्याच्या डोक्यावरचा भार मात्र पूर्वींइतकाच राहिला. हा भार किती, याचें गणित आम्हीं मांडून पाहिलें. अशा केमोसाठीं ॲप्रेपिटंटसारख्या औषधाबरोबर डेक्सामेथासोनची रूढ मात्रा पहिल्या दिवशीं १२ मिलिग्रॅम व पुढील तीन दिवस रोज ८ मिलिग्रॅम अशी असते. आपल्या शरीरांत रोज आपोआप जेवढें स्टेरॉइड तयार होतें, त्याची बरोबरी करावयास सुमारें पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन पुरे होतें. म्हणजे पहिल्या दिवसाची मात्रा निसर्गाच्या सोळापट! एका खेपेस एकूण ३६ मिलिग्रॅम; चार खेपांस १४४. तेंच जर पहिल्या दिवसापुरतें दिलें तर चार खेपांस ४८, म्हणजे तिसराच हिस्सा.

निरोगी तरुण माणसास चार दिवसांची ही मात्रा बहुधा सोसते. परंतु सोसते म्हणजे जाणवत नाहीं, असें नव्हे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, ओकारीसाठीं डेक्सामेथासोन घेणाऱ्या रोग्यांपैकीं शेकडा ४५ जणांस मध्यम किंवा तीव्र निद्रानाश झाला होता, आणि शेकडा २७ जणांचें चित्त अस्वस्थ झालें होतें. वहिनींचे मध्यरात्रींचे तांदूळ आठवून आम्ही हे आंकडे वाचले. आणि ज्याला मधुमेह आहे त्याच्या साखरेची गोष्ट वेगळीच. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनें आपल्या देशांत मधुमेहाचे सुमारें १० कोटी १० लाख लोक असल्याचा अंदाज दिला. तेव्हां आमच्या घरची अडचण ही अपवादात्मक नव्हे, घरोघरची आहे. केमोनें रक्तांतील पांढऱ्या पेशी आधींच घटतात. त्यांत साखर चढली कीं जंतूंना दार उघडें.

तर मग स्टेरॉइड खरोखर कमी करतां येतें काय? हा प्रश्न इटली व जपान येथील डॉक्टरांनीं तर्कानें नव्हे, प्रयोगानें सोडविला. रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट करावयाचे. एकास स्टेरॉइड पहिल्या दिवसापुरतें, दुसऱ्यास तीन-चार दिवस. बाकीचीं औषधें दोघांस सारखीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगांत पॅलोनोसेट्रॉन व सब्स्टन्स पीला रोखणारें औषध यांची जोड असतां एका दिवसाचें स्टेरॉइड तीन दिवसांच्या मानानें उणें ठरलें नाहीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या जपानी प्रयोगांत खुद्द सिस्प्लॅटिन घेणाऱ्या रोग्यांस ओलॅन्झापिनही दिलें, आणि तेथेंही पुढील दिवसांचें स्टेरॉइड वगळून काम आधीं ठरविलेल्या मर्यादेच्या आंत निभावलें. याच सुमारास युरोपीय व आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळांनीं २०२३ सालच्या आपल्या संयुक्त मार्गदर्शनांत, वहिनींना दिलेल्या जोडऔषधासारख्या केमोंत स्टेरॉइड पहिल्या दिवसापुरतें ठेवण्याची वाट मोकळी केली आहे.

परंतु जुन्याच्या जागीं जें नवें ठेवावयाचें तें तरी सोसलें पाहिजे. ओलॅन्झापिनची रूढ मात्रा १० मिलिग्रॅम. तिनें माणूस दिवसभर पेंगतो. या अडचणीवर उपाय आपल्याच मुंबईंत सांपडला, ही अभिमानाची गोष्ट होय. परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी तेथें येतात. तेथील डॉ. ज्योति बाजपेयी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२१ ते २०२३ या काळांत २६७ रोगी घेऊन १० मिलिग्रॅम व अवघी २.५ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांची तुलना केली. ओकारी व मळमळ पूर्णपणें आटोक्यांत राहण्याचें प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४५ च्या आसपास, म्हणजे सारखेंच निघालें. पण पहिल्या दिवशीं तीव्र गुंगी मोठ्या मात्रेनें शेकडा ४० जणांस, तर लहान मात्रेनें केवळ ५ जणांस आली. २०२४ सालीं हा प्रयोग लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या पत्रांत प्रसिद्ध झाला. त्यांत स्टेरॉइड सर्वांस दिलेलेंच होतें, हें सांगितलें पाहिजे. तो स्टेरॉइड कमी करण्याचा प्रयोग नव्हता. पण वयस्क माणसास जोडीचें औषध सोसेल असें करून त्यानें त्या मार्गांतील एक मोठा धोंडा बाजूस केला आहे.

वहिनींच्या तिसऱ्या खेपेस डॉक्टरांनीं हेंच केलें. डेक्सामेथासोन फक्त पहिल्या दिवशीं, तेंही सकाळीं, ओलॅन्झापिन २.५ मिलिग्रॅम चार रात्रीं निजतांना. बाकीचीं औषधें पूर्ववत्. साखर दुसऱ्या दिवशीं २४० पर्यंत चढली आणि तिसऱ्या दिवशीं उतरली. रात्रीं झोप लागली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं थोडी मळमळ झाली, ती आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळून व थोडें थोडें खाऊन निभावली. ओकारी एकदां झाली. सर्व कांहीं निर्विघ्न पार पडलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्या दिवसांत वहिनी आमच्या ओळखीच्या वहिनी राहिल्या.

आमच्यासारखी चूक इतरांच्या हातून होऊं नये म्हणून दोन धोक्याच्या सूचना देणें अवश्य वाटतें. पहिली ही कीं, स्टेरॉइड प्रत्येक वेळीं ओकारीसाठींच असतें असें नाहीं. वहिनींच्या चार खेपा संपल्यावर पॅक्लिटॅक्सेल हें दुसरें औषध सुरू झालें, आणि पहातों तों पुन्हां डेक्सामेथासोन! या वेळीं मात्र आम्हीं आधीं विचारलें. तें ओकारीसाठीं नसून त्या औषधाची वावडी येऊं नये म्हणून होतें. रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कांहीं कॅन्सरांत तर स्टेरॉइड हाच उपचाराचा एक भाग असतो. मेंदूवरची सूज उतरविण्यासाठींही तें देतात. तेथें तें परस्पर वगळणें म्हणजे उपचारच मोडणें होय. आणि पुष्कळ दिवस चाललेलें स्टेरॉइड एकाएकीं तोडल्यास प्राणावर बेतूं शकतें.

दुसरी सूचना : सर्वांचा कोठा सारखा नसतो. तरुण वय, स्त्रीदेह, गरोदरपणीं फार वांत्या झालेल्या असणें, गाडी लागण्याची खोड, यांनीं केमोची ओकारी अधिक होते. आणि मद्य नित्य पिणाऱ्यापेक्षां न पिणाऱ्यास ती अधिक होते! सदाचरणाचें हें फळ वाचून आम्हांसही हसूं आलें. परंतु तात्पर्य गंभीर आहे. स्टेरॉइडची काटछाट कोणास मानवेल व कोणास नाहीं, हें औषध, वय, साखर व मागील खेपेचा अनुभव पाहून डॉक्टरच ठरवूं शकतात.

मग घरच्यांनीं करावयाचें काय? आमच्या मतें दोन गोष्टी. एक, सूनबाईंसारखी वही. कोणत्या दिवशीं कोणती गोळी, किती वेळां ओकारी, मळमळ किती, झोप किती, साखर किती, हें पहिल्या पांच दिवसांचें लिहून तें पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढें ठेवावें. त्यांच्यापाशीं वेळ थोडा असतो. वहीचें एक पान अर्ध्या तासाच्या कथनाचें काम करतें. दुसरी गोष्ट, चार प्रश्न. या गोळ्यांत स्टेरॉइड कोणतें, आणि तें ओकारीसाठीं आहे कीं अन्य कारणासाठीं? तें पहिल्या दिवसापुरतें ठेवतां येईल काय? त्याच्या जागीं आधार कोणत्या औषधाचा? आणि साखर अमुक आंकड्यापुढें गेली किंवा पाणी ठरेनासें झालें, तर रात्रींअपरात्रीं कोणास कळवावें? हे प्रश्न विचारल्यानें डॉक्टरांचा अपमान होत नाहीं. न विचारतां गोळ्या फडताळांत लपविल्यानें मात्र रोग्याचा घात होतो.

स्वयंपाकघराकडेही थोडें लक्ष हवें. त्या पांच दिवसांत आजाऱ्याच्या खोलीजवळ लसणाची फोडणी नको. ताट भरून वाढूं नये. दोन दोन घांस, पण वरचेवर द्यावे. आणि ‘इतकें केलें तें तरी खा’ असा आग्रह तर मुळींच करूं नये. ओकारी होणाऱ्यास अन्नापेक्षां आपला आग्रहच अधिक जड होतो.

वहिनींचे सर्व उपचार आतां पुरे झाले आहेत. पुढें काय होईल तें ईश्वराधीन; पण आज त्या देवपूजेचीं फुलें स्वतः तोडतात. परवां त्यांनीं आम्हांस हांक मारून विचारलें, ‘‘भाऊजी, ती वही जपून ठेवली ना? गांवांत दुसऱ्या कोणाला लागली तर!’’ वही आमच्या संग्रहीं, अमरकोशाशेजारीं, ठेवलेली आहे. जें दुसऱ्या खेपेच्या आधीं एका फोननें होण्यासारखें होतें, तें तिच्यावरून या लेखापर्यंत येऊन सांगावें लागलें. वाचकांनीं तरी फोन आधीं करावा, इतकेंच आमचें मागणें.